पोथीसाठी थांबवलेला पंप

गोपाळकृष्णाची कृपा आपणा सर्वांवर असो.

आज सकाळी करकंबच्या आमच्या दूध केंद्रात मी पोथी वाचत असता चिलरच्या, म्हणजे दूध थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याचा पंप अकस्मात थांबला. केंद्र सांभाळणारी माझी सून धावत आली.

"पंप कुणी बंद केला?"

"मीच की! पोथीत लई आवाज येत हुता," शेजारचे बापू म्हणाले.

"आवो, नळ्या फुटतील! गावाचं दूध नासंल!" तिने तत्काळ गारवा निर्माण करणारा कॉम्प्रेसर बंद केला.

चिलरच्या इव्हॅपोरेटर या गार भागातल्या नळ्यांत द्रवरूप वायू उकळतो आणि भोवतालच्या पाण्याची उष्णता शोषून घेतो. त्या गार पाण्याने दूध थंड राहते. कॉम्प्रेसर चालू असताना पाणी थांबले, तर ते गोठून नळ्याच फोडते.

आम्ही पंप पुन्हा सुरू केला. पाणी वाहू लागले. नळ्या शाबूत होत्या, तेव्हा तिने कॉम्प्रेसरही चालू केला.

"काका, आता तुमीच मोठ्यांदा वाचा," बापू ओशाळून म्हणाले. उरलेला अध्याय मी पंपाच्या आवाजातच पूर्ण केला.

वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दूधदुभते अखंड नांदो.