दुपारची हाक आणि सात वर्षांचा कायदा

परवा इथे एका मित्राने विचारलं, घरातला माणूस बेपत्ता असेल तर जमिनीला वारसांची नावं कशी लावायची? उत्तर तसं सोपं आहे. पण ते लिहायला बसलो आणि देवबागची एक दुपार आठवली... आज सांगूनच टाकतो.

गोष्ट साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी मालवणात नुकती वकिली सुरू केली होती. अगदी सुरुवातीच्या पक्षकारांपैकी एक म्हणजे देवबागच्या सुमतीवहिनी. त्यांचा नवरा रघुनाथ गलबतावर खलाशी होता. मंगळूरहून कौलं भरून निघालेलं ते गलबत मालवणला पोचलंच नाही. ना एखादी फळी सापडली, ना माणूस...

त्याला सात वर्षं होऊन गेली होती. घर आणि माडांची बाग रघुनाथच्या नावावर. त्याचा चुलतभाऊ म्हणायचा, "रघू येतलो, तोवर मी बघतंय." आधी नारळ तो उतरवायला लागला, मग पडवीत स्वतःची जाळी आणून टाकली. आता सासू-सुनेला बाहेर काढायचंच काय ते बाकी होतं.

कायदा असा, की ज्यांना माणसाची खबर सहज लागायला हवी, त्यांनाच सात वर्षं काही कळलेलं नसेल, तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं. मग आई आणि बायको वारस म्हणून लागतात. त्यासाठी मला आईचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते वाचून दाखवायला मी देवबागला गेलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पोचलो तेव्हा बारा वाजले असतील.

रघुनाथची आई, भागीरथीकाकी, ओट्यावर बसली होती. मी सावकाश वाचत गेलो. 'मुलाची सात वर्षांत काहीही खबर नाही' या वाक्याला तिने हात वर केला.

"ह्यां खोटा. तो रोज हाक मारता."

मला वाटलं, म्हातारपण... दुसरं काय! ती म्हणाली, "गप रवा. ऐका."

समुद्राची गाज होती. झावळ्या सळसळत होत्या. मग वाराच पडला... आणि मागच्या अंगाने, विहिरीकडून, पुरुषाचा आवाज आला. "आये गो..." दमलेला. ओला म्हणावा असा.

मी तसाच धावलो. विहिरीवर कुणी नाही. कुंपणापलीकडे कुणी नाही. आणि वाळू अशी गुळगुळीत, की माणसाचं पाऊल सोडाच, कावळ्याचा पायही उमटलेला नव्हता.

परत आलो तर सुमतीवहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका पण ऐकाक येता. पण हाक येता म्हणान सातबाऱ्यार नाव लागणा नाय."

काकीने प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला नाही. "काय ता कोर्टात सांगतंय," एवढंच म्हणाली. मी दावा लावला खरा, पण ती काय बोलेल या विचाराने रात्र रात्र झोप नव्हती.

साक्षीच्या दिवशी चुलतभावाच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. "बाई, मुलगा रोज हाक मारतो असं तुम्ही गावभर सांगता ना?"

"मारता," काकी म्हणाली.

संपलं, असं मला वाटलं. पण ती थांबली नव्हती. न्यायाधीशांकडे वळून हळूच म्हणाली, "जितो असतो तर घरात इलो असतो. दारापर्यंत येवन परत कित्याक गेलो असतो?"

न्यायाधीशांचं पेन थांबलं. सुमतीवहिनींनी पदर तोंडाशी धरला. मुलगा गेला, हे काकी त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली होती... आणि तेही भरल्या कोर्टात.

निकाल आमच्या बाजूने लागला. चुलतभावाने जाळी उचलली. तलाठ्याकडे दोघींची नावं चढली. सुमतीवहिनी आमसुलांची बरणी घेऊन आल्या, माझी छाती फुगली.

महिनाभराने काकी एकटीच ऑफिसात आली. देवबागहून चालत.

"वकिलांनू, तो निकालाचो कागद फिरवूक येता काय?"

"का हो काकी?"

"त्या दिसापासून हाक बंद झाली."

वकिलाला ठाऊक असतं तेच सांगितलं. "तो स्वतः येऊन उभा राहिला, तरच."

ती उठली. "मगे आता मी हाक मारतंय."

आणि खरंच मारायला लागली. रोज दुपारी, पाण्याच्या कडेला उभी राहून. सुमतीवहिनी शेजारी छत्री धरून उभ्या असत. एकदा होडीतून जाताना मी पाहिलं. काकी हाक मारायची, मग मान कलती करून थांबायची... समोरच्याला ओ द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी. त्या थांबण्यात सुमतीवहिनींनीही दचकून पाण्याकडे पाहिलं. काय ऐकलं, ते मी कधी विचारलं नाही.

सुमतीवहिनींनी सासूला त्याच घरात शेवटपर्यंत सांभाळलं. दावा लावला नसता तर दोघी रस्त्यावर आल्या असत्या, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही...

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सात वर्षं, दिवाणी दावा, मग वारस नोंद. पण माझ्याकडे असं कुणी आलं, की मी आधी त्या घरातल्या आईला जाऊन भेटायचो आणि विचारायचो, 'मुलगा गेला' असा निकाल लागला तर तुम्हाला चालेल ना? कागद त्यानंतर. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही, भागीरथीकाकीने शिकवलं.