खाकीतला आमचा शेजारी

“हलायचं नाही कोणी!” असं गरजून ते कमरेच्या पट्ट्यावर थाप मारत. गणपतीच्या नाटकात फौजदाराचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच. एरवी हे आमचे शेजारी गढा भागातल्या लाकडाच्या वखारीत कारकून, बायकोपुढे ब्र न काढणारे. पण खाकी चढवली की स्वारी ओळखू यायची नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा तालमीहून वर्दीतच निघाले, तर भाजीवाल्याने उठून सलाम ठोकला. तो सलाम त्यांच्या डोक्यात भिनला. “खराखुरा सलाम केला ना, काकू!” चपला भिंतीशी नीट लावून आमच्याकडे जेवायला बसले की ते आईला सांगत. आई हसून आणखी एक पोळी वाढायची.

वखारीत येणाऱ्या दोघा भामट्यांनी हे बरोबर हेरलं.

माझं लग्न ठरलं होतं. दागिने देवघरातल्या पेटीत होते. वडील नागपूरला गेलेले. भर दुपारी दार वाजलं. “पुलिस! तलाशी लेनी है!” आईने फटीतून खाकी पाहिली आणि कडी काढली. दोघं जोड्यांसकट थेट देवघरात शिरले. मागून मोठ्या मिशांचा फौजदार आला, एक शब्द न बोलता. आत पेटीचं कुलूप तुटल्याचा आवाज आला.

फौजदार देवघराकडे निघाला, थबकला, वाकला आणि त्याने बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले.

आई बघतच राहिली. “काहून रे, तू?”

मिशांमागे आमच्या शेजाऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी धावत जाऊन देवघराला बाहेरून कडी घातली आणि “चोर! चोर!” म्हणून ओरडले. आतून दारावर लाथा बसत होत्या. शेजाऱ्यांना पळता आलं असतं. ते तिथेच खाली बसले. “मी फक्त दारात उभा राहणार होतो, काकू.”

कोर्टातही तेच. “साहेब, मी कशाला हात नाही लावला जी.”

“तुमची वर्दी नसती तर दार उघडलंच नसतं,” साहेब म्हणाले. लुटीत साथ दिल्याची शिक्षा झाली, पोलिसाचं सोंग घेतल्याची वेगळी. शेजाऱ्यांची बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मला संताप होता, तरी तिच्याकडे बघवेना.

सुटल्यावर ते एकदाच आले. मी माहेरी होते.

“कोण?” आईने आतून विचारलं. पूर्वी ती कधी विचारत नसे.

“मी आहे, काकू. माफी मागाले आलो.”

आई उठून दाराशी गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, तरी तिने कडी काढली नाही.