भुऱ्याची गुरगुर

“इंजेक्शन आणलं ना, डॉक्टरसाहेब?” सीतारामभाऊंनी दारातच हळू आवाजात विचारलं. लस टोचायची नव्हती. घरचा कुत्रा कायमचा संपवायचा होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा आंधळगावला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. काम मुख्यतः गाई-म्हशींचं. कुत्र्यासाठी बोलावणं यायचं ते बहुधा कोणाला चावल्यावरच. सीतारामभाऊंचं गावात किराणा दुकान. मुलगा वरठीच्या कारखान्यात, सकाळीच मोटारसायकलने ड्यूटीवर जायचा. घरी सून शोभा आणि तिची काही महिन्यांची मुलगी. भुऱ्याला भाऊंनीच पिल्लापासून वाढवलं होतं. तो आता लेकरावर गुरगुरत होता.

चावला का, मी विचारलं. अजून नाही, म्हणाले.

वागणं एकाएकी बदललं की आधी दुखणं शोधायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. कान किंवा दात दुखत असला तर गरीब कुत्राही अंगावर येतो. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची भीती तर होतीच. पण भुऱ्या नीट खात-पीत होता, माणसं ओळखत होता. कान, दात ठीक होते. पाठीवरून हात फिरवला तेव्हा मात्र तो कळवळला. केसांखाली सूज होती.

मी भाऊंना म्हटलं, रोज जसं होतं तसंच होऊ द्या, मला बघायचंय.

भुऱ्या घरापुढच्या छपरीतल्या खांबाला बांधलेला होता. शोभा लेकरू घेऊन बाहेर आली. भुऱ्या नुसता उठून उभा राहिला. भाऊंनी लगेच कोपऱ्यातली काठी उचलून जमिनीवर आपटली. कुत्रा अंग चोरून खांबाला चिकटला, आणि लेकराकडे बघून गुरगुरला. भाऊंनी काठी उगारली. मी त्यांचा हात धरला.

शोभा माहेराहून लेकरू घेऊन आली तेव्हापासून हेच चाललं होतं. पाठीवरची सूज त्या काठीचीच होती. लेकरू दिसलं की काठी येते, एवढंच भुऱ्याला कळलं होतं. त्याचा लेकरावर राग नव्हता, त्याला माराची भीती होती. मी हे सांगितलं तेव्हा भाऊ खाली बसले.

“मनजे मीच शिकवलं त्याले,” ते म्हणाले.

शोभा मात्र बधली नाही. “डॉक्टरसाहेब, तुमचं लेकरू असतं तं याले ठेवलं असतं का तुमी घरात?”

“बांधल्याशिवाय ठेवलं नसतं,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

म्हणून मग तेच ठरलं. भुऱ्या बांधलेलाच राहील. शोभाने लांब उभं राहायचं. लेकरू दिसलं की भाऊंनी भुऱ्याला पोळीचे तुकडे टाकायचे. लेकरू आत गेलं की पोळी बंद. काठी नाही, ओरडणं नाही. गुरगुरला तर अंतर वाढवायचं. याने फरक पडला नाही तर मीच इंजेक्शन घेऊन यायचं, अशी अट शोभाने घातली. मी ती मान्य केली.

सुरुवातीला भुऱ्या पोळीकडे बघेनाच. घाबरलेलं जनावर खात नाही. शोभा अंगणात पार विहिरीपाशी जाऊन उभी राहू लागली, तेव्हा कुठे त्याने तुकडा उचलला. मधे भाऊंनी घाई केली, लेकरू एकदम जवळ आणलं आणि भुऱ्या पुन्हा गुरगुरला. शोभाचा निरोप आला. मी बॅग घेऊनच गेलो. तिथे बघतो तर भाऊ सुनेपुढे मान खाली घालून उभे. काठी त्यांनी उचलली नव्हती. शोभाच म्हणाली, अजून काही दिवस बघू.

धानाची कापणी सुरू झाली तोवर, लेकराचा आवाज आला की भुऱ्या दाराकडे तोंड करून शेपूट हलवू लागला.

पुढे एकदा शोभा स्वतः त्याला लस टोचायला दवाखान्यात घेऊन आली. मुलगी कडेवर होती. म्हणाली, “लेकराजवळ एकटा नाई सोडत अजून.” मी म्हटलं, सोडूही नका.

गुरगुरणारा कुत्रा आधी सांगतो तरी. सांगितल्याबद्दलच त्याला मार बसला, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.