हेर बाईच्या सुटकेचा खोटा तर्जुमा

अर्जदार : मी, वय छप्पन्न, शिक्षण सातवी. पूर्वीचा धंदा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणे. हल्ली मुक्काम लेकीच्या घरी, फ्रिस्को, अमेरिका.
सामनेवाली : अर्जदाराची पत्नी, मयत.
घटनेचा काळ : गेला हिवाळा, रोज दुपारी जेवणानंतर.
साक्षीदार : एकच, आमची मुलगी.

हकीकत अशी, की पत्नीच्या आजारपणात लेक ऑफिसला गेली म्हणजे आम्ही दोघे टीव्हीवर एकच जुना कृष्णधवल इंग्रजी चित्रपट पाहत असू. महायुद्धातली एक हेर बाई शत्रूच्याच अधिकाऱ्यावर जीव टाकते आणि पकडली जाते. पत्नीला इंग्रजी येत नव्हते. मला येते, हा तिचा समज मी कधी मोडला नव्हता. शेवटी बाई एका कागदावर सही करते, शिपाई तिला बाहेर नेतात. तेथेच मी टीव्ही बंद करीत असे. पुढे बंदुका वाजतात, हे मी एकट्याने पाहिले होते. ते कळायला भाषा लागत नाही.

"काय लिहिलंय हो त्या कागदात?"

"दयेचा अर्ज आहे. मंजूर झाला."

"तुम्ही लिहिला असता तर आणखी लवकर झाला असता," असे म्हणून ती हसे.

पुढे डॉक्टरांचा अहवाल आला. लेकीने मला त्याचा अर्थ सांगितला. मी तो कागद हाती धरून पत्नीला वाचून दाखविला : सुधारणा आहे, उन्हाळ्यात गावी जाता येईल.

'वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे,' असे मी आयुष्यभर अर्जांखाली लिहिले. अंगठा उठविणाऱ्या परक्या माणसालाही कधी खोटे वाचून दाखविले नाही.

तेरावे झाल्यावर मी लेकीजवळ हा गुन्हा कबूल केला.

"बाबा, आईला त्या मूव्हीचा एंड माहीत होता. तिनं मलाच विचारला होता. रिपोर्टसुद्धा."

"मग मला बोलली का नाही?"

"म्हणाली, वाचू दे त्यांना. तेवढंच काम उरलंय त्यांच्या हाताला."

सबब नम्र विनंती, की 'मंजूर झाला' हे ऐकून सामनेवाली रोज हसत असे, ते अर्जदाराची कीव येऊन, की क्षणभर खरे वाटून, याचा खुलासा व्हावा. वरील मजकूर तिच्या फोटोपुढे वाचून दाखविला आहे. या खेपेस तो बरोबर आहे. अर्जदार रोज दुपारी जेवणानंतर सोफ्यावर, आपल्या नेहमीच्या बाजूस, हजर असतो. उत्तर तेथेच मिळावे.