झाकणाखालचा फेस

समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे पुन्हाबाई. कुणीही आकडा घेऊन गेलं, की चष्म्यावरून बघत बाई एकच शब्द बोलत, "पुन्हा." आकडा वाईट आला तर पुन्हा, चांगला आला तर पुन्हा, आणि हवा तसाच आला तर दोनदा पुन्हा. विद्यार्थी रडकुंडीला येत. प्रयोगशाळेच्या बाटल्या धुणारे मामा मात्र कधी वैतागले नाहीत. प्रत्येक बाटली तीनदा विसळायची, हा नियम बाईंनी घालायच्या आधीपासून ते चारदा विसळत. अशा दोन तऱ्हेवाईक माणसांचं एकोणीस वर्षं छान जमलं.

बाई एका रसायनाच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. कापडाला पाणी चिकटू नये, कागदाला तेल लागू नये म्हणून ते लावतात. त्यातले कार्बन आणि फ्लोरिन एकमेकांना असे धरून बसतात, की ऊन, जंतू, उकळी, कशालाच दाद देत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभच जळत नव्हता. जमिनीतून ते विहिरीत जातं, विहिरीतून रक्तात, आणि तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडतं.

हे मामांना कळलं ते एका रेनकोटामुळे. नवाकोरा रेनकोट घालून ते कामावर आले आणि त्या दिवशी शुद्ध पाण्याच्या नमुन्यातसुद्धा मोजणीच्या यंत्राला ते रसायन सापडलं. बाईंनी सगळ्यांचे खिसे, पिशव्या, हाताची क्रीमं तपासली आणि शेवटी मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मामा, चोर तुमच्या अंगावर आहे." तेव्हापासून मामांचा रेनकोट बाहेर सायकलीच्या शेडमध्ये लटकायचा आणि मामा तिथून भिजत आत यायचे.

मामांना हसू यायचं, पण त्यांच्या घरी हा विषय हसण्याचा नव्हता. त्यांची वस्ती होती एका बंद पडलेल्या कापड कारखान्याच्या उतारावर. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या विहिरीचा पहिला नमुना बाईंनी स्वतः नेला होता, आणि आठवड्याभरात विहिरीवर लोखंडी जाळी बसली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. चढ चढून घागरी आणणाऱ्या मामींचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला होता. "तुमच्या बाईंनी विहीर बंद केली, आता त्यांनीच उघडावी," असं त्या म्हणायच्या. रागाने नाही, पण म्हणायच्या.

आणि आता ती उघडणार होती. बाईंनी उपाय शोधला होता. काचेच्या मोठ्या भांड्यात दूषित पाणी घ्यायचं, खालून वायूचे बुडबुडे सोडायचे आणि वर विजेच्या ठिणग्या पाडायच्या. रसायन बुडबुड्यांबरोबर वर येतं आणि ठिणगीत मोडतं. तीन तासांनी खालच्या तोटीतून पाणी काढून मोजलं, तर शंभरातले नव्व्याण्णव भाग गायब! बाईंनी हा प्रयोग एकेचाळीस वेळा केला. एकच खटकत होतं. एवढे रेणू मोडले तर पाण्यात जितका सुटा फ्लोरिन सापडायला हवा, तितका सापडत नव्हता. काच फ्लोरिनला धरते, हे पुस्तकातलंच ज्ञान. तेच झालं असणार, असं बाई धरून चालल्या. आयुष्यात ज्या एका गोष्टीला त्या "पुन्हा" म्हणाल्या नाहीत, ती हीच. शोधनिबंध स्वीकारला गेला, विहिरीवर मोठं यंत्र बसवायची तारीख ठरली, आणि वस्तीत मामांना लोक हाक मारून मारून नमस्कार करू लागले.

तारखेला पंचवीस दिवस उरले असताना मामांकडचा साबण संपला. भांड्याची झाकणं ते नेहमी साबणात बुडवून धूत. झाकण पाण्याला लागत नाही, म्हणून त्याचा नमुना घ्यायचा नियम नव्हता. त्या दिवशी त्यांनी झाकण उलटं करून त्यात नुसतं पाणी ओतलं, हलवलं, आणि पाण्याला फेस आला. मामांना वाटलं, आपल्या हाताला साबण असेल. त्यांनी हात चारदा धुतले आणि दुसरं झाकण घेतलं. फेस. तिसरं घेतलं. फेस.

साबण नसतानाही साबणासारखा फेस आणतं ते हेच रसायन, हे एकोणीस वर्षांत मामांना चांगलं ठाऊक झालं होतं.

दोन दिवस मामा गप्प राहिले. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. आपण कोण, बाटल्या धुणारे, बाईंना शिकवायचं? आणि बोललो तर विहीर बंदच, मामी चढावरच. ताटावर बसले की मामी खांदा चोळत विचारायच्या, "पाणी गोड असेल का हो पहिल्यासारखं?" आणि मामा ताट बाजूला सारायचे. तिसऱ्या दिवशी ते झाकण घेऊन बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, माझं चुकत असेल. पण हे बघा."

बाईंनी पाहिलं. त्यांनी झाकणं मद्यार्काने विसळली आणि ते विसळण मोजणीच्या यंत्रात घातलं. हरवलेल्या रसायनाचा निम्म्याहून जास्त भाग झाकणाखाली वाळून बसला होता. बुडबुड्यांनी तो वर नेला होता, पण ठिणगीने मोडण्याआधीच तो फेसाबरोबर उडून वर चिकटला होता. विहिरीवरच्या मोठ्या यंत्रात रात्रंदिवस साचणारा हा थर गळून परत पाण्यातच पडला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"शितावरून भाताची परीक्षा करत बसले मी," बाई म्हणाल्या, "आणि भात सगळा झाकणाला." त्या हसल्या, मग स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मामांना त्यांचं वय त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं. संस्थेचे संचालक धावत आले. आधी यंत्र बसवून टाकू, झाकणाचं मागाहून बघू, लोकांना काय कळणार आहे, असं त्यांचं म्हणणं.

"त्यांच्या रक्ताला कळेल," बाई म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी त्या वस्तीत गेल्या, यंत्र न घेता. शाळेच्या सभागृहात दीडशे माणसं होती. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं: उपाय अर्धाच आहे, उरलेला अर्धा करायला दीड-दोन वर्षं लागतील, चूक माझी आहे. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग आरडाओरडा झाला. कोपऱ्यावरचा शिंपी, तसा देवमाणूस, उभा राहून ओरडला, "कुणी उकरून काढलं हे? महिनाभर गप्प बसवत नव्हतं त्याला? विहीर तरी उघडली असती!"

मामांनी मान खाली घातली. बाईंची नजर त्यांच्यावरून गेली आणि पुढे सरकली.

"मीच," बाई म्हणाल्या. "माझ्याच लक्षात आलं."

एका दशांशासाठी विद्यार्थ्यांचा महिना फुकट घालवणारी बाई, दीडशे लोकांसमोर धडधडीत खोटं बोलली. का, ते मामांना तत्काळ कळलं. बाई संध्याकाळी आपल्या घरी जातील; मामांना याच गल्लीत राहायचं होतं, याच शिंप्याच्या शेजारी. त्यांना रडू आलं. मग ते उभे राहिले.

"बाई खरं सांगत नाहीयेत. झाकण मी धुतलं. पाहिलंही मीच, आणि दोन दिवस लपवलंही मीच."

आता मामी सदरा ओढून खाली बसवणार, म्हणून मामांनी डोळे मिटले. मामी उठल्या. दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून त्या शिंप्याकडे वळल्या.

"आमच्या घरात पाणी मी भरते. अजून दोन वर्षं भरीन. पण पोरांच्या तोंडाला लावायचं ते खरंच स्वच्छ झालेलं हवं." मग त्या बाईंकडे वळल्या. "बोला बाई. पुढे काय करायचं ठरवलंय?"

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. तो पुसून झाला तरी त्या पुसतच राहिल्या, आणि कुणीही त्यांना घाई केली नाही.