वाहवेल तेवढंच डुक्कर

पेंढा भरलेला किवी पक्षी कर्नल कुत्र्याने तोंडात उचलला आणि शेपटी हलवत आणून रीपेकाच्या पायाशी ठेवला. राखीव जंगलात दुर्मीळ किवी होते, म्हणून परीक्षा एवढीच होती, की पक्षी दिसला की कुत्र्याने वाट बदलायची. आठ वर्षं हा कुत्रा पहिल्या नंबराने पास होत होता. यंदा त्याचं नाक गेलं, कान गेले आणि पाठांतरही गेलं.

परीक्षा घेणारा तिपेने हा तिच्या दिराचाच मुलगा, राखीव जंगलाचा रखवालदार. कागदावर 'नापास' लिहिताना त्याचीच मान खाली गेली.

"काकू, माझा नाइलाज आहे गं."

"मी काही म्हटलं का? पास केला असतास तर कानाखाली वाजवली असती. मेलेला किवी काय तुझं सरकार जिवंत करणार आहे?"

डुकरं आणि हरणं मारायला त्या जंगलात कुणाची ना नव्हती, उलट जितकी माराल तितकं बरं. फक्त नापास कुत्रा आत न्यायचा नाही. आणि कुत्र्याशिवाय डुक्कर मारणं म्हणजे फुटक्या बादलीने विहीर उपसणं, असं सगळी दरी मानत होती. अकरा दिवसांवर रीपेकाच्या नवऱ्याच्या, एरुएतीच्या, थडग्यावरच्या झाकलेल्या दगडाचं कापड काढून, रीतीप्रमाणे सगळ्या दरीला जेवण घालायचं होतं. चाळीस वर्षं दरीतल्या प्रत्येक मयताच्या जेवणाला त्याने वरच्या डोंगरावरचं मांस पुरवलं होतं. जाताना तिचा हात धरून म्हणाला होता, "माझ्या दगडापाशी लोकांना दुकानातलं मांस वाढलंस तर उठून येईन." दोघं हसली होती, पण तिने शब्द दिला होता.

"शहरातून मागवू या," तिची नणंद पारेकुरा म्हणाली. "बहात्तर वर्षांची तू, खुब्यात लोखंड, सोबत कुत्रा नाही. डुक्कर काय तुझी वाट बघत बसलंय?"

"ते बसलं नसेल तर मी बसेन."

नाही म्हटलं की रीपेकाच्या अंगात यायचं, हे काही नवं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरा म्हणाला होता, बायकांनी कुत्रे बांधावेत, बंदूक पुरुषांनी धरावी. दुसऱ्या दिवशी तिने अख्खं हरीण पाठीवर टाकून आणलं आणि त्याच्याच जेवणाच्या टेबलावर आदळलं. पुढे मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीत तीस वर्षं स्वयंपाक केला. तिथे जेवणाला नाव ठेवणाऱ्याला ती ताट नाही, डाव हातात द्यायची.

तिने एकटीचा परवाना काढला आणि पहाटे चढली. जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, ऊन सकाळीच चावत होतं. नेच्याच्या उतारावर डुकरांनी माती ताजीच उकरलेली होती. वारा तोंडावर घेऊन ती त्या जागेच्या वरच्या अंगाला बसली. तीन दिवस काहीच आलं नाही. संध्याकाळी खाली उतरताना खुबा करकरायचा आणि पारेकुरा अंगणातून विचारायची, "भेटलं का गं?" रीपेका बूट काढायला बसायची.

चौथ्या दिवशी नेचा हलला आणि फाटक्या कानाचा तो मोठा डुक्कर बाहेर आला. एरुएतीचे दोन कुत्रे याने फाडले होते. सहा वर्षं एरुएती याच्या मागे होता आणि त्याच्याआधी स्वतःच गेला. साठ पावलांवर तो आडवा उभा राहिला. रीपेकाचं बोट घोड्यावर गेलं. तिला तो मेलेला हवा होता, अगदी पोटातून हवा होता.

पण तो तिच्या दुप्पट वजनाचा होता. खाली जाऊन माणसं आणेपर्यंत या उन्हात मांस नासलं असतं. तरुणपणी एरुएतीने असंच एक मोठं हरीण मारलं होतं. ते डोंगरापलीकडे कुजलं. बापाने त्याला हाडं पाठीवर आणायला परत पाठवलं आणि वर्षभर त्याच्या ताटात मांस पडू दिलं नाही. घरचा नियमच होता: वाहवेल तेवढंच मारायचं आणि ज्याने मारलं त्यानेच रस्त्यापर्यंत वाहायचं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'जा मेल्या,' ती मनात म्हणाली. तो गेला. त्याच्यामागून एक कोवळा डुक्कर आला, मुळं उकरायला थांबला, आणि तिने गोळी झाडली.

पोट साफ करून तिने मागच्या पायांना चिरा दिल्या, पुढचे पाय त्यांत ओवले आणि डुक्कर दप्तरासारखा पाठीवर घेतला. तीन तासांच्या वाटेला सहा लागले. दोनदा ती पडली. दोनदा आधी डुक्कर नीट बसवला, मग स्वतःला शिव्या घातल्या.

खालच्या फाटकाशी तिपेने दुपारपासून गाडी लावून बसला होता.

"काकू, दे इकडे."

"रस्ता अजून वीस पावलं आहे. हात लावलास तर बघ."

तो शेजारून चालला आणि त्याने फाटक तेवढं उघडलं. त्या रात्रीच मांस शीतपेटीत गेलं.

दगडाच्या दिवशी पारेकुराने शहरातून मांसाची खोकी आणलीच होती. रीपेकाने ती एकेक करून तिच्याच गाडीत परत ठेवली.

"अगं, दोनशे माणसं आणि हे एवढंसं?"

"बोटाएवढं येईल प्रत्येकाला. ज्याला पुरणार नाही त्याने घरी जाऊन खावं. एरुएतीच्या दगडापाशी नाही."

जमिनीतल्या भट्टीतून टोपल्या निघाल्या. रताळी होती, भोपळा होता, आणि प्रत्येक ताटात बोटाएवढं मांस तिने स्वतःच्या हाताने वाढलं. तिच्या तोंडावर कुणी कुरकुर केली नाही. पारेकुराने आपला तुकडा खाल्ला, मग बराच वेळ बोटं चाटत दगडाकडे बघत राहिली.

"मोठा कुणी दिसलाच नाही का?" तिपेनेने विचारलं.

"दिसला. फाटक्या कानाचा."

तो कोण, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

"मग सोडलास?"

"वाहवला नसता." रीपेकाने ताट पुसलं आणि खाली ठेवलं. "पुढच्या वर्षीचा माझा परवाना आत्ताच लिहून ठेव. त्याचं वजन काही कमी व्हायचं नाही, मलाच खांदे वाढवायला लागतील."