उंबऱ्यात पाट लावून पाहिलेली सावेडी

पुणे ते नगर हाही काय प्रवास, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात मी तीन दिवसांची रजा टाकून नगरच्या सावेडीत फिरायला गेले होते. फिरायला, हे आपलं ऑफिसात सांगायला. खरं काम अशोकदादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, फोनवर गळ्यात मारलं होतं. "आईला जरा सावेडी दाखव. आवडली तर राहील. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते."

आत्या शनिशिंगणापूरला एकटी राहायची. आतोबा गेलेले, डोळ्यात मोतीबिंदू वाढत चाललेला, त्यात दिवाळीनंतर मोरीपाशी पाय घसरून पडली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. दादाने सावेडीत बंगला बांधला होता. आत्या दोनदा तिथे येऊन दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी माघारी गेली. कारण एकच, दाराची कडी. शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात. चौकट असते, फार तर पडदा असतो. सगळा जन्म तशा घरात काढलेल्या बाईचा कडीच्या आवाजानेच जीव कोंडायचा. पण पुन्हा पडली तर उचलायचं कोणी, ही धास्ती आम्हा सगळ्यांना होती.

सकाळी शिवाजीनगरहून एशियाड बस पकडली. तिकीट तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास होतं. शिरूर सोडलं की हवा कोरडी होते आणि ओठ फुटायला लागतात, तेव्हा थंडीत जाणाऱ्यांनी व्हॅसलिन जवळ ठेवावं. सुप्याला चहा घेतला, नगरला गाडी बदलली, घोडेगावला उतरून जीपमध्ये बसले. जीपवाल्याने आम्हाला इतकं दाटीवाटीने भरलं होतं की पुढच्या बाईची पिशवी शिंगणापूर येईपर्यंत माझ्याच मांडीवर होती.

आत्या तयारच होती. एक ट्रंक, एक पिशवी. निघताना तिने उंबऱ्यात एक फळी आडवी लावली, कुत्रं शिरू नये म्हणून, आणि मागे वळूनही न पाहता चालू लागली. मला काही त्याचं नवल वाटलं नाही, लहानपणापासून हेच बघत आले होते.

संध्याकाळी आम्ही सावेडीत दादाच्या बंगल्यावर पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी कामावर गेल्यावर माझी सहल सुरू झाली. सावेडी तेव्हा नगरचा नवा, ऐटबाज भाग. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांचे बंगले, पुढे बाग, बागेत झोपाळा. मी रिक्षा थांबवायला पुढे गेले, आत्या मागून आली. पहिला मुक्काम गुलमोहोर रोड. डिसेंबरात तिथे फूल शोधू नका, नुसत्या काळ्या शेंगा लोंबत असतात. पण सावली छान, रस्ता रुंद, आणि बंगल्यांची नावं वाचत चालायला मजा येते. आत्याला दिसत नव्हतं म्हणून मी मोठ्याने वाचत होते. 'श्रमसाफल्य', 'मातृछाया', 'कुत्र्यापासून सावध राहा'.

"ह्ये बी घराचं नाव हाय व्हय?" आत्याने विचारलं.

"नाही गं. पाटी आहे ती."

"लई कुत्री दिसत्यात हितं. पन मानसं कुटं हायेत?"

माणसं खरंच दिसत नव्हती. सगळी फाटकं लावलेली. मी घाईघाईने विषय बदलला आणि तिला प्रोफेसर कॉलनी चौकात नेलं. तिथली भेळ मी आजही कोणाला बिनदिक्कत सुचवीन. आत्याने ती चाटूनपुसून खाल्ली, पण कौतुकाचा शब्द काही काढला नाही.

मग रिक्षाने भिस्तबाग महाल. निजामशाहीतल्या या दुमजली वास्तूभोवती एकेकाळी म्हणे पाणी खेळवलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूला ज्वारी डोलत होती आणि एक म्हैस सावलीला बसली होती. पूर्वेच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल बोटाएवढा दिसत होता. महालात आत्या पहिल्यांदा खुलली. कमानीला हात लावत, चाचपत, ती या खोलीतून त्या खोलीत फिरली.

"राजाच्या घराला बी दार न्हाई, बग."

"आत्या, होती. पडली ती."

"पडली तर लावली का कुनी परत?"

 हसत हसत परतीच्या रिक्षात बसलो, आणि मी सहज विचारलं, "निघताना दाराचं कुलूप नीट बसलं होतं ना गं?"

"कसलं कुलूप? पाट लावलाय की आडवा."

 वहिनीचे दागिने, टीव्ही, सगळं उघड्यावर! दादाला कळलं तर तो आत्याला पुन्हा घरात एकटं ठेवणार नाही, आणि आत्या तर टिच्चून गावी जाईल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. रिक्षावाल्याला मी इतकी घाई केली की तो बिचारा म्हणाला, "ताई, रिक्षाच हाय ही, इमान न्हाई."

पोहोचलो तर पोर्चमध्ये शेजारच्या टीचरबाई बसलेल्या. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नमस्कारापलीकडे दादा-वहिनीची त्यांच्याशी ओळख नव्हती. नाताळ तोंडावर आलेला, घरात फराळाचा पसारा. तो तसाच उचलून त्या आमच्या पायरीवर घेऊन आल्या होत्या. मांडीपुढे परात, पोळपाट, सारणाचा डबा, आणि करंज्या भरणं चालू.

"फाटक उघडं, दार उघडं, आणि उंबऱ्यात पाट!" त्या माझ्यावरच कडाडल्या. "मला वाटलं, काल आलेल्या आजी आत पडल्या की काय. हाका मारल्या, मग आत जाऊन खोल्या पाहिल्या. कोणी नाही. म्हटलं, बसावं इथेच."

आत्या जागीच थांबली. "मी पडले का त्ये बगाया आला तुमी?"

"मग? बघायला नको?"

 आत्याने नळावर हात धुतले, पदर खोचला आणि बाईंच्या समोर बसून करंजीच्या कडा मुरडायला लागली. मुरड घालायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.

दादा संध्याकाळी आला आणि व्हायचा तो तमाशा झालाच. "आई, अगं घर उघडं टाकून जातात का?"

"उगडं हुतं म्हनून या बाई आत आल्या. कडी असती तर भाईरूनच गेल्या असत्या." मग करंजी परातीत ठेवत म्हणाली, "मी ऱ्हाते हितं. पन माज्या खोलीचं दार काढ."

दादाने जेवणाआधीच स्क्रू काढून दार उतरवलं. मी वहिनीच्या जुन्या साडीचा पडदा शिवला.

मी पुण्याला परतले ती टीचरबाईंच्या करंज्यांचा डबा घेऊन. आज सावेडीला गेलात तर बंगल्यांच्या जागी इमारती दिसतील, भिस्तबागेपर्यंत घरंच घरं. तरी जरूर जा. मला मात्र तिथली सगळ्यात बघण्यासारखी वाटते ती टीचरबाई बसल्या होत्या ती पायरी, आणि ती कुठल्या नकाशात सापडायची नाही.

दोन वर्षांनी आत्या खरोखरच पडली, भर दुपारी, घरात एकटी असताना. रोजच्या वेळेला फाटकाशी दिसली नाही म्हणून टीचरबाई उघड्या दारातून सरळ आत शिरल्या आणि तिला दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. मी धावत नगरला गेले. कॉटपाशी बसलेल्या बाईंचे हात धरले आणि रडायलाच लागले. इतकं ऋण मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचं वाटलेलं नाही. शेवटी कॉटवरून आत्याच बोलली.

"रडू नगं. पडले तवा मी भ्यालेच न्हाई. म्हनलं, बाई येतीलच आता."